नवरीची खुर्ची

“काका, आता वाळू उपसावीच लागणार,” कोपरापर्यंत ओला झालेला हात काचेच्या टाकीतून बाहेर काढत शोभेचे मासे विकणारा मासेवाला म्हणाला. “दीड तास झाला. तुमची नवरी काही दर्शन देत नाही.”

“वाळूला हात लावायचा नाही,” काका म्हणाले. “चिरडली तर जाईल बिचारी जिवानिशी.”

नवरी म्हणजे खाऱ्या पाण्यातला रॅस मासा. हिरव्या अंगावर गुलाबी रेघा, निळी शेपटी, आणि जरा खुट्ट झालं की वाळूत बुडी. आणली तेव्हा ती मादी होती, म्हणून काकांच्या बायकोने कौतुकाने हे नाव ठेवलं. दोन वर्षांनी त्या जातीच्या रीतीप्रमाणे तिचा नर झाला, रंग आणखी चढला, तरी बायको नाव बदलायला तयार नव्हती. “नवरदेव झाली म्हणून काय माहेरचं नाव टाकायचं?” म्हणायची.

घरात कामांची वाटणी ठरलेली होती. रुग्णालयात डायलिसिसच्या यंत्रांचं पाणी तपासण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे मीठ मोजणं, पाणी बदलणं, पंप साफ करणं त्यांच्याकडे. मासा मात्र तिचा. सकाळी ती टाकीपुढच्या बुटक्या वेताच्या खुर्चीत बसली, की नवरी वाळूतून वर येऊन तिच्या बोटांतला कोळंबीचा तुकडा घ्यायची. हे मागे बादली घेऊन उभे, आणि मनातल्या मनात जळत.

बायको जाऊन आठ महिने झाले. ते उभ्याउभ्याच खाणं टाकत. त्यांची सावली पडली रे पडली की नवरी गडप. त्यांची पाठ वळल्यावर कधीतरी येऊन खात असावी. घरात दोनच जीव, आणि एकमेकांचं तोंड पाहायची चोरी. दिवसचे दिवस असे गेले, आणि त्याबद्दल बोलायलाही कुणी नव्हतं.

गेल्या महिन्यात ते न्हाणीघरात पडले आणि चार तास तसेच पडून राहिले. म्हणून आज मुलगी त्यांना कायमचं न्यायला आली होती. तिच्या घरापर्यंतच्या प्रवासात मासा तगला नसता. मासेवाला तो नीट सांभाळणार होता, पण आधी हाती तर लागायला हवा.

“बाबा, काढू द्या ना त्यांना वाळू. सामानाची गाडी केव्हाची खाली उभी आहे.”

ते टाकीपुढच्या खुर्चीकडे वळले. वेताच्या खुर्चीवर आठ महिन्यांची रद्दी होती. मुलगी तिला बाबांचा आळस समजत होती. पण रद्दी त्यांनी मुद्दाम रचली होती, तिथे कुणी बसू नये म्हणून. त्यांनी स्वतःही. दोन खेपांत त्यांनी रद्दी जमिनीवर उतरवली आणि बसले. खुर्ची कुरकुरली. गुडघे छातीला टेकायला आले. इतक्या खालून टाकी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

“तुम्ही दोघं जरा मागे व्हा,” म्हणत त्यांनी कोळंबीचा तुकडा धरून हात पाण्यात सोडला.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग कोपऱ्यातली वाळू हलली. आधी डोळे आले, मग सगळी नवरी आली आणि काचेपाशी थांबून त्यांच्याकडे पाहत राहिली. शेवटी तिने त्यांच्या बोटांतून तुकडा घेतला.

“अगं, मी आहे,” ते म्हणाले.

मासेवाल्याने दिलेला पारदर्शक डबा पाण्यात सोडून दुसरा तुकडा त्यांनी त्यात धरला. ती बेलाशक आत शिरली आणि त्यांनी झाकण लावलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा जवळ आली, आणि आपण तिला धरून दिलं, हे त्यांना फार लागलं.

मासेवाल्याने तिला पिशवीत घेतलं.

“तिच्यापुढे कुणीतरी बसायला हवं,” ते म्हणाले. “उभं राहिलात तर येणार नाही.”

“दुकानात बसायला सवड कुणाला, काका?”

“सकाळी पाच मिनिटं.” त्यांनी खुर्ची उचलून त्याच्या हातात दिली.

“बाबा! आईची खुर्ची आपण न्यायची होती ना?”

“तुझ्याकडे बसायला पुष्कळ आहे,” ते म्हणाले.

मासेवाला एका हातात पिशवी, खांद्यावर खुर्ची घेऊन जिना उतरला. मुलगीही उरलेली पेटी घेऊन मागोमाग गेली. त्यांनी पंप बंद केला, रद्दीचा गठ्ठा टाकीसमोर ओढला आणि त्यावर बसले. खालून मुलीने दोनदा हाक मारली. पाणी हलायचं थांबेपर्यंत ते उठले नाहीत.