दळणाऱ्या दोघी

धरणी हलली तेव्हा सगळी गल्ली रस्त्यावर आली. शिंपी गळ्यातल्या टेपसकट आला, न्हाव्याचं गिऱ्हाईक गालावरच्या फेसासकट. आल्या नाहीत त्या फक्त पिठाच्या गिरणीतल्या दोघी जावा. गिरणी चालू असली की तिथली जमीन तशीही थरथरते, एक हादरा जास्त झाला तर तो कोणाच्या खिजगणतीत? धाकटी मक्याचं पोतं मोकळं करत होती आणि थोरली तिला चर्चच्या पाळकांच्या बायकोच्या नव्या चष्म्याबद्दल सांगत होती. भूकंप येऊन गेला, चष्म्याचा विषय काही संपला नाही.

घरी सासूबाई मात्र तयारीत होत्या. शेवटचा काळ जवळ आलाय हे त्या कधीपासून सांगत होत्या. टीव्हीवर कुठे पूर आला, डोंगर खचला, टोळ उठले की त्या आवाज वाढवायच्या आणि ‘मी म्हणत नव्हते?’ अशा नजरेने सुनांकडे बघायच्या. आता तर चिन्ह चालत दारात आलं होतं. संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांनी मुद्दाम शास्त्रातला तो भाग काढला: प्रभू येईल त्या दिवशी दोन बाया दळत बसलेल्या असतील, एकीला वर नेतील, दुसरी राहील तिथेच. वाचून झाल्यावर त्यांनी दोघी सुनांकडे आळीपाळीने, तराजूत घातल्यासारखं पाहिलं.

“आई, ते जात्याबद्दल आहे. आपली विजेची गिरणी,” धाकटी म्हणाली.

“पीठ पडतं ना?”



दुसऱ्या दिवशी थोरलीने फर्मान काढलं. सकाळची गिरणी ती एकटी बघणार, दुपारची धाकटी. “आईंना तुझं बाळ दिवसभर झेपत नाही,” एवढंच कारण दिलं. खरं कारण घरातल्या मांजरालाही कळलं होतं. एका वेळी एकच बाई दळत असली, तर दोघींचा प्रश्नच मिटला.

बाळ झाल्यापासून घरात धाकटी ‘नाक कुठंय, कान कुठंय’ याच भाषेत बोलायची. मोठ्या माणसांचं बोलणं तिला मिळायचं ते गिरणीत, पट्ट्याच्या खडखडाटावर ओरडून ओरडून. सासूबाई, नवरे, शेजारीपाजारी, सगळ्यांचं पीठ तिथेच पडायचं. आता दुपारभर ती आणि मका.

त्यात थोरली किल्ली हातात देताना रोज एकेक शिकवण द्यायची. पट्टा सैल झाला तर असा ताणायचा. झिजलेल्या दगडाला टाकी मारणारा आला की त्याला चहा विचारायचा नाही, तो मग हलत नाही. धाकटी ऐकून घ्यायची आणि आतून धुमसायची. म्हणजे वर कोण जाणार हे बाईसाहेबांनी ठरवूनसुद्धा टाकलंय. आता नुसती निरवानिरव चालू आहे.

शेवटी एका दुपारी तिने किल्ली घेतलीच नाही.

“ताई, तुम्ही जाणार हे पक्कं असेल तर जाईपर्यंत तरी माझ्याशी बोला.”

“मी?” थोरली पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून बघत राहिली. “अगं, माझी ही जीभ घेऊन मला कोण वर नेतंय? नेतील तर तुला. तू जेवायला बसलीस तरी डोळे मिटून प्रार्थनेत असतेस.”

“झोप येते म्हणून मिटतात, ताई.”

थोरलीला हसू फुटलं, पण ते अर्ध्यातच अडकलं. “तुला माझ्या डोळ्यांदेखत उचलून नेलं तर मी काय करायचं? ते लेकरू आई कुठंय म्हणून विचारेल. आणि बोलायला घरात उरेल कोण? आई.”

“आईंनाही नेतीलच की.”

“त्या कुठे दळतात?”

धाकटीने नाक पुसलं, त्याला पीठ लागलं. “मग मला पट्टा-बिट्टा कशाला शिकवत होतात?”

“एकटी असतेस ना दुपारची. बोट घालशील कुठेतरी.”

गिरणी बंद होती म्हणून, नाहीतर हे बोलणं झालंच नसतं. मग धाकटी म्हणाली, “दोघीच म्हटलंय ना तिथे? तिघी असल्या तर?”

हा प्रश्न सासूबाईंपुढे गेला. त्यांनी पानं पुढे उलटली, मागे उलटली. त्याच दिवशी शेतात असणारे दोघे पुरुष सापडले, दळणाऱ्या दोघी सापडल्या, तिघींचा कुठे पत्ता नव्हता. “लिहिलेलं नाही,” त्या नाइलाजाने म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसल्या, उपासनेला घालायच्या चपला घालून.

दारातल्या स्टुलावर बाळाला मांडीवर घेऊन त्या धान्य निवडू लागल्या. थोरलीने हरकत घेतली, निवडणं म्हणजे दळणं नव्हे. तेव्हा प्रत्येक डब्यामागे एक मूठ सासूबाईंच्या हातची टाकायची असं ठरलं.

पहिले काही डबे मुकाट्याने झाले. जिच्याबद्दल बोलायचं तीच समोर बसलेली, तर बोलणार कशाबद्दल? धाकटीला वाटलं, यापेक्षा मका बरा होता.

मग सासूबाईंनीच तोंड उघडलं. “तुमचे नवरे दहावीपर्यंत अंधाराला भ्यायचे. दोघंही. मोठा तर अजून दिवा लावल्याशिवाय...”

पुढचं पट्ट्याच्या आवाजात बुडालं. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. थोरली उठली आणि तिने गिरणीच बंद केली.

“हं, आई. आता नीट सांगा.”

बाहेर गिऱ्हाइकं डबे घेऊन ताटकळत उभी राहिली.