उकंडाचं एक वर्ष आणि एक दिवस

परीक्षेला बारा दिवस उरले होते आणि मला युरोपचा मध्ययुगीन इतिहास काडीचा येत नव्हता, तिथून हे सुरू झालं. चूक कोणाची म्हणाल तर माझी, या धर्मपालची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी मला भला माणूस म्हणायला नको.

साल एकसष्ट. यवतमाळात आमच्या बौद्ध पोरांसाठी एक वसतिगृह होतं, धर्मांतरानंतर दोन वर्षांनी निघालेलं. मी कॉलेजात इंटरला होतो. खोलीत सहा जण, सगळे मोठ्यानं वाचणारे, म्हणून मी सकाळी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसायचो. तिथं उकंडा भाकरी थापायचा. दोनच दिवस झाले होते त्याला येऊन.

उकंडा आमच्याच गावचा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. गाव मुकुटबनहून तीन कोस आत. तिथल्या इजारदाराकडे, म्हणजे गावच्या जमिनीच्या मालकाकडे, तो सालगडी होता, त्याचा बापही तिथंच राबून मेला. सालगड्याला सुटायचं तर गुढीपाडव्याला सुटता येतं, असा रिवाज. उकंडा त्या पाडव्याला म्हणाला, यंदा नाही राहत. इजारदार म्हणाला, तुले इचारलं कोणं? दुसऱ्या दिवशी उकंडा पळाला. बायको कौसल्या आणि सहा महिन्यांची पोरगी इंदू मागं राहिली. इजारदारानं पारावर बसून जाहीर केलं, की दिसेल तिथून त्याला आणीन, आणि तोवर त्याची बायको माझा गोठा सांभाळील. हे नुसतं बोलणं असेल असं कोणालाच वाटलं नाही. चार वर्षांआधी श्रावण नावाचा गडी वणीला पळाला होता, तर त्याला धरून आणून दिवसभर बैलाच्या खुंट्याला बांधलं होतं. सगळ्या गावानं पाहिलं, आणि मीही पाहिलं.

तर मी वाचत होतो. पुस्तक इंग्रजी, म्हणून एक एक वाक्य मराठीत करून मोठ्यानं घोकायचो. भूदास म्हणजे सरदाराच्या जमिनीला बांधलेला माणूस. जमीन दुसऱ्याला गेली की तोही गेला. पोरीचं लग्न करायचं तर सरदाराची परवानगी. दळायचं ते सरदाराच्याच चक्कीवर, भाजायचं ते त्याच्याच भट्टीत.

"आपल्या गावचं वाचून राह्यला काय?" उकंडा म्हणाला.

"युरोपचं हाये. सात-आठशे वर्षांआधीचं. मले वाचू दे."

पुढचं मी वाचलं. भूदास पळून शहरात गेला, शहराच्या तटाच्या आत एक वर्ष आणि एक दिवस राहिला, आणि तेवढ्या काळात सरदारानं येऊन 'हा माझा माणूस' असा दावा सांगितला नाही, तर तो कायमचा मोकळा. मग त्याला कोणी नेऊ शकत नाही. शहराला राजाची तशी सनदच असायची.

उकंडाचा हात पिठात थांबला. "हा कायदा हाये?"

"हाये ना. छापला हाये इथं. भाकर जळून राह्यली तुही, तिकडं पाह्य."

एवढंच बोललो मी. डोक्यात परीक्षा होती. कुठला कायदा, कुणाचा, कधीचा, हे नीट सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. तेवढंही मी दिलं नाही.

परीक्षा झाली, उन्हाळा गेला. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा वाढत होत्या, त्यांच्याकडे मी लक्ष दिलं नाही. पोळ्याच्या सुमारास उकंडानं मला बाजूला घेतलं.

"भाऊ, एक इचारू? यंदा धोंड्याचा महिना येऊन गेला. तो धराचा का सोडाचा?"

"कायच्यात?"

"वर्षात. मी तर दिवसच मोजून राह्यलो. तीनशे सहासष्ट."

हा माणूस पाच महिने त्या पानावर जगत होता. त्याचं खाणं सुधारलं होतं, पाठ सरळ झाली होती, पोरांशी थट्टा करायला लागला होता. आता याला सांगायचं, की बाबा, तो कायदा दुसऱ्या मुलखातला आणि मेलेला आहे? मला हिंमत झाली नाही. आणि खोटं कशाला बोलू, लाजही वाटली. सगळी पोरं मला हुशार म्हणायची.

"दिवसच मोज," मी म्हणालो.

"मंग घरी निरोप धाडत नाई. पत्ता लागला अन् त्यानं येऊन दावा सांगतला तं मोजणी पयल्यापासून."

त्यानं खरंच निरोप धाडला नाही. कौसल्येला नवरा जिवंत आहे का मेला, हेही माहीत नव्हतं. मी सुट्टीत गावाला गेलो तरी तिला काही सांगायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली होती. ती मला पाणवठ्याच्या वाटेवर भेटली, काखेत पोरगी. यवतमाळात हे तुमाले कुठं दिसले काय, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणालो आणि तिथून सटकलो.

कापूस निघाला. एके दुपारी उकंडा धापा टाकत आला, चेहरा पांढराफटक. बाजारातून भाजी आणायला गेला होता, तिथं कापसाच्या गाड्यांच्या रांगेत इजारदार उभा. पंधरा-वीस पावलांवर.

"पाह्यलं काय त्यानं तुले?"

"मालूम नाई. नजर इकडंच होती. मी टोपलं डोक्यावर घेतलं अन् पळालो. बोलला नाई ना तो काई? बोलला नाई म्हंजे दावा नाई, बरोबर ना?"

दोन दिवस तो ज्वारीच्या पोत्यांमागं बसून होता. वसतिगृहाचं फाटक वाजलं की श्वास रोखायचा. मी त्याला तिथं ताट नेऊन द्यायचो, तेव्हा तो माझ्याकडे बघायचा, आणि मी ताटाकडे. त्या दोन दिवसांत सांगायचं ठरवून मी चारदा गेलो असेन. चारही वेळा चटणी वाढून परत आलो.

मग तीनशे सहासष्टावी रेघ पडली. माझी पुढची परीक्षा तोंडावर आली होती. उकंडानं धुतलेला सदरा घातला, नव्या चपला घातल्या आणि म्हणाला, जातो कौसल्येला आणायला. मी म्हणालो, मीही येतो. वाटेत सांगीन असं मनाशी ठरवलं. वणीपर्यंत एसटीत माणसं होती म्हणून सांगितलं नाही, मुकुटबनच्या गाडीत धूळ होती म्हणून सांगितलं नाही. तीन कोस पायी तर आम्ही दोघंच होतो. तेव्हा कारणही नव्हतं, तरी सांगितलं नाही. डोळ्यांपुढं सारखा श्रावण येत होता, खुंट्याला बांधलेला.

इजारदार ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. इजारदारी सरकारनं केव्हाच काढून घेतली होती, पण गावात नाव आणि वचक तसाच. दाराशी दोन धट्टेकट्टे गडी. उकंडा चपला न काढता अंगणात गेला. जन्मात पहिल्यांदा.

"मी एक वर्ष अन् एक दिवस यवतमाळात राह्यलो," उकंडा म्हणाला. आवाज थोडा कापला, मग कापला नाही. "तुमी येऊन दावा सांगतला नाई. आता मी मोकळा हाओ. बायको-पोरगी न्यायले आलो."

अडकित्ता थांबला. इजारदारानं आधी त्याच्या चपलांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. एक गडी दोन पावलं पुढं आला. मी मनात म्हटलं, संपलं, आता खुंटा.

"गोठ्यात हाये ते," इजारदार म्हणाला. "घेऊन जाय."

उकंडा जवळजवळ धावतच मागं गेला. मी तिथंच उभा. इजारदारानं मला बोट हलवून जवळ बोलावलं.

"कोणता म्हणे हा कायदा?"

"युरोपचा. सात-आठशे वर्षांआधीचा."

तो हसला. "श्रावणच्या वक्ती मले पोलीस थाण्यातून बलावणं आलतं. वकिलानं सांगतलं, बळजबरीनं गडी ठेवता येत नाई, घटनेतच लिवलं हाये. तवापासून म्या कोणाच्या अंगाले बोट लावलं नाई. नुसतं तोंडानं बोलतो अन् तेवढ्यात भागते. कापसाच्या बाजारात दिसला होता हा मले. म्या म्हनलं, पळू दे." त्यानं सुपारी तोंडात टाकली. "घटना तं तुमच्याच बाबानं लिवली ना रे? अन् तू कॉलेजात शिकतं."

मी वळलो आणि गोठ्याकडे निघालो.

परतीच्या वाटेवर उकंडा पुढं, त्याच्यामागं इंदूला काखेत घेऊन कौसल्या, शेवटी मी. उकंडाचं तोंड थांबत नव्हतं. भूदास, सरदार, तट, सनद, सगळं बायकोला समजावून सांगत होता. पाहिलं ना, मुदत भरली तसा कसा गप बसला तो? मधेच वळून पोरीपुढं हात करायचा. पोरगी आईच्या पदरात तोंड लपवायची.

कौसल्या थांबली आणि माझ्याकडे वळली.

"धर्मपालभाऊ, तुमाले पाणवठ्यावर इचारलं होतं मी. तवा तुमी नाई म्हनले. आता खरं सांगा. हा कायदा आपल्याकडं हाये? एक निरोपबी धाडता येत नोता?"

पुन्हा खोटं बोललो असतो तर तिथंच निभावलं असतं. दोघांनाही बरं वाटलं असतं.

"नाई," मी म्हणालो. "आपल्याकडं तसा कायदा नाई. आपल्याकडं कोणी कोणाले धरून ठेवूच शकत नाई. हे मले आज समजलं. पण उकंडा चुकीचं समजला, हे मले पोळ्यापासून मालूम होतं. मी बोललो नाई."

उकंडा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

"म्हंजे दुसऱ्या दिवशी वापस आलो असतो तरी?"

"तरी."

मला वाटलं, आता हा मारतो. मारायला हवं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पोरीकडे पाहत होता. कौसल्येनं तिला खाली उतरवलं होतं आणि ती आईचं लुगडं धरून, आपल्या पायांवर, धुळीत उभी होती.

"चालाले कवा लागली हे?" त्यानं विचारलं.

"कापूस निघाला तवा," कौसल्या म्हणाली. "गोठ्यात. गव्हाणीले धरून."