परिशिष्ट अ : वडे चाळीस

बैठकीचं इतिवृत्त मी बैठकीच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवते. इतिवृत्त म्हणजे तुमच्या भाषेत मिनिट्स. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी पेपर फोडला. अहो, विधिमंडळाच्या नोकरीत एकतीस वर्षं काढलीत मी, त्यातली शेवटची सहा आरोग्य समितीची कक्ष अधिकारी म्हणून. बैठकीत काय होणार ते बैठकीला येणाऱ्यांपेक्षा मला आधी माहीत असतं. अध्यक्ष स्वागत करतात. मागचं इतिवृत्त कायम होतं. सदस्य नाराजी व्यक्त करतात, अधिकारी ‘तपासून माहिती सादर करतो’ म्हणतात, समिती त्याची दखल घेते. मग वडे येतात. दर वेळी तारीख बदलते आणि चटणी बदलते, एवढंच.

माझी भाषाही ठरलेली. कुणाचा आवाज चढला तर ‘नाराजी’, टेबलावर मूठ आपटली तर ‘तीव्र नाराजी’. एकदा एका सदस्यांनी अधिकाऱ्याच्या अंगावर फाईल भिरकावलेली. मी लिहिलं, ‘सदस्यांनी संबंधित कागदपत्रे अधिकाऱ्यांकडे सुपूर्द केली.’ वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, आणि मी ते महिनाभर घरी सांगत होते. सहदेव, म्हणजे आमचे हे, शेवटी वैतागून म्हणाले, ‘सुमती, आपलं भांडण झालं तरी तू दोघांमध्ये सौहार्दपूर्ण चर्चा झाली असं लिहिशील.’ मी म्हटलं, मग काय वाईट आहे?

तर मे महिन्यातली गोष्ट. समिती दौऱ्यावर होती आणि बैठक ठाण्यात, एका सरकारी सभागृहात. मला बरं वाटलं, आम्ही राहतो त्या कोपरहून ठाणं म्हणजे माहेरी गेल्यासारखं. विषय होता खाडीकाठच्या एका प्रसूतिगृहाचा. नाव सांगत नाही, समितीचं कामकाज गोपनीय असतं आणि मी ते सांगतेय हेच मुळात चुकतंय. तिथे सलग सव्वीस तास लाईट गेलेली. जनरेटर मार्चपासून बंद. लसींचा फ्रिज तापला आणि नऊशे डोस फेकून द्यावे लागले. त्याबद्दल निष्काळजीपणाचा ठपका ठेवून महापालिकेने सिस्टरला निलंबित केलेलं. मालन तांबे, बावीस वर्षांची नोकरी. तिचं म्हणणं एकच होतं: जनरेटर दुरुस्त करा म्हणून मी तीन पत्रं दिली होती.

शब्दशः टिपून घेणारे प्रतिवेदक त्या दिवशी आलेच नाहीत, दुसऱ्या समितीला पळवलेले. त्यामुळे जे काही होतं ते माझ्या वहीत. आणि माझ्या वहीत काय असतं? इतिवृत्त आदल्या दिवशीच तयार, मग वहीत मी चहापाण्याचा हिशेब लिहिते, आणि समासात जे इतिवृत्तात कधी जाणार नाही ते. वाईट खोड आहे. कोण कुणाकडे बघून हसलं, कोण सही करून पसार झालं. गणपूर्ती, म्हणजे कोरम, आमच्याकडे सह्यांनी होते, माणसांनी नाही.

मालन सिस्टर बोलली. हात मांडीवर घट्ट धरून, एकेका पत्राची तारीख सांगत. दोन सदस्य फोन घेऊन बाहेर गेलेले. सदस्यांत उरल्या होत्या लक्ष्मीताई, त्यांनी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना सरळ विचारलं, ‘डॉक्टर, पत्रं आली होती का?’ आता तो माणूस ‘तपासून सांगतो’ म्हणणार हे मी आदल्या दिवशी टाईपसुद्धा केलेलं. तो म्हणाला, ‘हो, तिन्ही आली. माझ्याच टेबलावर होती.’ बहुधा दमला असावा. लक्ष्मीताईंचा फोन वाजला आणि विषय पुढे सरकला.

चहाच्या वेळी सिस्टर माझ्याकडे आली. ‘मॅडम, लिहिलंत ना?’

‘सगळं लिहिलंय हो,’ मी म्हणाले. तिच्या बशीत अजून एक वडा ठेवला, कोपरला राहते वगैरे गप्पा मारल्या. तिची नणंद आमच्याच गल्लीत निघाली. किती लहान जग आहे म्हणून मी हसलेसुद्धा.

घरी जाऊन मी आदल्या दिवशीचा कागद काढला, नावं भरली आणि पाठवून दिला. ‘विभागाच्या प्रतिनिधींनी पत्रांबाबत तपासून माहिती सादर करण्याचे मान्य केले.’ डॉक्टर ‘हो’ म्हणाल्याची समासातली ओळ माझ्या नजरेतून सुटली असं म्हणायला मला फार आवडेल. सुटली नव्हती. पाहिली, आणि मनात म्हटलं, कशाला नसती उठाठेव. नोव्हेंबरात रिटायर व्हायचंय.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, मालन सिस्टर दारात. नणंदेकडून पत्ता घेऊन आलेली. हातात चौकशी अधिकाऱ्याची नोटीस. आमचा मसुदा तपासायला विभागाकडे जातो, तिथून तो त्यांच्याकडे पोचलेला. लिहिलं होतं: पत्रांची आवक नोंदवहीत नोंद नाही, समितीच्या इतिवृत्तातही अधिकाऱ्यांनी ती मिळाल्याचा उल्लेख नाही, पंधरा तारखेपर्यंत पुरावा सादर करावा, अन्यथा बडतर्फीची शिफारस करण्यात येईल.

‘मॅडम, मी समोर बसलेले,’ ती म्हणाली. ‘ते हो म्हणाले. तुम्ही म्हणालात सगळं लिहिलंय.’

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, त्यासाठी माझ्याकडे शब्द होता. मी पाणी आणायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहिले. लाज वाटली, दुसरं काय. सहदेवने बाहेर तिला चहा विचारला, तो तिने नको म्हटला.

लक्ष्मीताईंना फोन केला. ‘अगं विचारलं होतं मी, पण तो काय म्हणाला ते नाही आठवत. दिवसाला चार बैठका असतात. आणि बारा तारखेला मी दिल्लीत आहे.’ बारा तारखेलाच पुढची बैठक, पुन्हा ठाण्यात. तिथे इतिवृत्त एकदा कायम झालं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी बदलत नाही. म्हणजे राहिली माझी वही. मी ती उघडली, समासातली ओळ शोधली, आणि तिच्या वरखाली काय लिहिलंय ते वाचून वही पटकन मिटली.

आमचे अध्यक्ष म्हणजे आबा. पाच वेळा निवडून आलेले, माणूस मोठा, राग त्याहून मोठा. माझ्या आधीच्या कक्ष अधिकाऱ्याने त्यांच्या नावाची पाटी चुकीच्या खुर्चीसमोर ठेवली, तो बिचारा अजून तळमजल्यावर जुनी गॅझेट्स लावतोय. आणि माझ्या वहीच्या त्या पानावर आबा होते. वेळेसकट.

बारा तारखेला मी गेले. पिशवीत त्या दिवशीचं इतिवृत्त तयार होतं, सवयीने लिहिलेलं: ‘मुद्दा एक. मागील बैठकीचे इतिवृत्त एकमताने कायम करण्यात आले.’ बघा, माणूस किती निर्ढावलेला असतो. मालन सिस्टर बाहेर पॅसेजमध्ये बाकावर बसलेली. तिला बोलावलं नव्हतं, आपणहून आलेली.

आबांनी सुरुवात केली. ‘मागचं इतिवृत्त सगळ्यांनी वाचलंय. कायम करायचं ना?’ कुणीही वाचलेलं नसतं. आम्ही कर्मचारी अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसतो, चिठ्ठी सरकवतो, बोलत नाही. मी चिठ्ठी सरकवली: ‘दुरुस्ती आहे.’ आबांनी वाचली आणि पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली. सदस्यांनी माना हलवल्या. मग मी उभी राहिले. गुडघे कटकट वाजले, ते बहुतेक सगळ्यांना ऐकू गेले.

‘आबा, मुद्दा चारमध्ये माझी चूक झालीये. डॉक्टरसाहेबांनी तिन्ही पत्रं मिळाल्याचं सांगितलं होतं. मी ते लिहिलं नाही.’

आबांनी माझ्याकडे पाहिलं, कपाट बोलल्यासारखं. ‘बाई, त्या दिवशी मी याच खुर्चीत होतो. असं काही झाल्याचं मला आठवत नाही.’

‘मलाही आठवत नाही, साहेब,’ आरोग्य अधिकारी पटकन म्हणाले.

‘माझ्या वहीत आहे.’

‘मग वाचा.’

‘तेवढीच ओळ वाचू?’

‘तेवढीच वाचलीत तर म्हणतील आज सकाळी घुसडली. पूर्ण पान वाचा.’

एकतीस वर्षं झाकून ठेवलेली मूठ अशी उघडायची होती तर. मी चष्मा लावला.

‘वडे चाळीस,’ मी वाचलं. ‘चहा बिनसाखरेचा सहा. चटणी वेगळी मागणे, मागच्या वेळची आंबलेली.’ कुणीतरी हसलं. ‘अकरा पस्तीस. दोन सदस्य फोनवर बाहेर. अकरा चाळीस. आबा डुलकी.’

हसणारा थांबला. मी थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते, म्हणून वाचतच गेले.

‘अकरा पंचेचाळीस. लक्ष्मीताई, पत्रं आली होती का. डॉक्टर, हो, तिन्ही आली, माझ्याच टेबलावर होती. सिस्टर रडल्या नाहीत. अकरा पंचावन्न. आबा जागे. विचारतात, कुठल्या मुद्द्यावर आहोत.’

मला तळमजल्यावरची गॅझेट्स दिसायला लागली. पेन्शनची फाईल, तिच्यावर साठलेली धूळ, सगळं दिसलं.

आबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘कुठल्या मुद्द्यावर आहोत,’ ते सावकाश म्हणाले, ‘हे मी विचारलेलं मला आठवतं.’ मग खुर्ची वळवली. ‘डॉक्टर, या बाईंनी माझी झोप मिनिटं लावून लिहिलीय. माझ्या तोंडावर वाचली. आणि ती खरी आहे. ज्यांनी मला सोडलं नाही त्या तुमच्यासाठी खोटं कशाला लिहितील? आत्ता मी जागा आहे. पत्रं आली होती का?’

आरोग्य अधिकाऱ्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं. मग खाली. ‘हो.’

‘किती?’

‘तिन्ही.’

‘कुठे होती?’

‘माझ्या टेबलावर.’

या वेळी मी लिहून घेतलं. ऐकल्यावर लिहिलं, हे मुद्दाम सांगते.

‘दुरुस्तीसह कायम,’ आबा म्हणाले. ‘चौकशी अधिकाऱ्याला आजच्या आज पत्र जाऊ द्या. आणि ते पान इतिवृत्ताला जोडा. परिशिष्ट अ.’

‘आबा, त्या पानावर वडे आहेत.’

‘खाल्ले ना आपण? मग जोडा.’ त्यांनी चष्मा परत घातला. ‘आणि बाई, पुढच्या वेळी लिहीत बसू नका. हलवून उठवा.’

म्हणजे आता पुढची शंभर वर्षं जो कुणी ते इतिवृत्त काढेल, त्याला माझं अक्षर, आंबलेली चटणी आणि आबांची डुलकी सापडणार. एकतीस वर्षांत मी लिहिलेलं एवढं एकच पान टिकणार आणि ते असलं. चांगलंच झालं, माझी हीच लायकी.

बैठक संपल्यावर मी बाहेर आले. मालन सिस्टर बाकावरून उठली. माझा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होती, पण सरकारी चेहऱ्यावर काही दिसत नाही.

‘लिहिलंत ना, मॅडम?’

या प्रश्नाला मी जन्मात कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. ‘नाही अजून,’ मी म्हणाले. ‘बसा. तुमच्यासमोर लिहिते.’

गोपनीयता वगैरे त्या दिवसापुरती पिशवीत घातली. घरून आणलेला कागद काढला, त्यावरचं ‘एकमताने कायम’ खोडलं आणि पाठकोऱ्या बाजूला, मांडीवर वही ठेवून लिहायला लागले. ती शेजारी बसून अक्षर न् अक्षर बघत होती. ‘तीन पत्रे प्राप्त झाली होती काय, अशी विचारणा मा. अध्यक्षांनी केली असता, आरोग्य अधिकाऱ्यांनी त्यास दुजोरा देत’ इथपर्यंत आले, आणि तिने कागदावर बोट ठेवलं.

‘असं नाही म्हणाले ना ते?’

‘नाही,’ मी म्हणाले.

‘मग काय म्हणाले?’

मी ओळ खोडली आणि लिहिलं, ‘हो.’ तिने ते एकदा वाचलं, मग पदराने डोळे पुसून परत वाचलं.