ध चा घ

माझे डोळे ठणठणीत आहेत, चुकलं ते अक्षर, असं मी तीन आठवडे सगळ्यांना ठणकावून सांगत होते. मी पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'कुत्र्यापासून सावध'च्या. सव्वीस वर्षं झाली. शिरोरेषा मी पट्टी न लावता एका दमात ओढते आणि याचा मला गर्व आहे, असू द्या. पण शाळेच्या विजेच्या पेटीवर 'धोका' लिहिताना ती रेषा जरा पुढे गेली, ध ची वरची गाठ तिच्यात बुजली आणि पेटीवर लालभडक 'घोका' झालं. लोक ध चा मा करतात, मी ध चा घ केला. दोन दिवस पोरं त्या पेटीसमोर उभी राहून मोठ्यांदा पाढे म्हणत होती. मुख्याध्यापिका हसल्या, मीही हसले, आणि घरी येऊन दार लावून घेतलं.

कारण खरं मला ठाऊक होतं. जवळचं अक्षर वर्षभर पसरट दिसत होतं आणि मी ते मनानेच पुरं करत होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जन्मात गेले नव्हते. गेले आणि 'आता ब्रश खाली ठेवा' म्हणाले तर? मला दुसरं काही येत नाही. स्वयंपाकाचं तर विचारूच नका.

माझी नणंद माझ्याहून सात वर्षांनी धाकटी, पण हुकूम सोडायला थोरली, म्हणून मी तिला मुद्दाम वन्सं म्हणते. तिने मला न विचारता वेळ ठरवून टाकली.

"वहिनी, चालत येतेस की उचलून नेऊ?"

"कंबर मोडेल तुमची, वन्सं. येते."

दवाखान्यात बाहेर बाकावर बसलो. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. पलीकडच्या भिंतीवर दिव्याची पेटी आणि तिच्यावर अक्षरं, वर भोपळ्याएवढी, खाली मुंगीएवढी. एक आजोबा एकेक ओळ वाचत होते. चौथ्या ओळीला अडखळले तशी डॉक्टरीणबाईने वहीत काहीतरी लिहिलं. नापास झाले बिचारे, असं वाटलं.

मग मला अक्कल सुचली. मीच पेटीवर 'घोका' लिहिलं होतं ना? मी घोकलं. आजोबांचं आटपेपर्यंत सगळी पेटी, अगदी तळातल्या 'ट प ग न र ल'सकट, मला तोंडपाठ झाली.

माझा नंबर आला. डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाची. तिने उंच खुर्चीत बसवलं, काम काय करता ते विचारून घेतलं, डावा डोळा झाकायला सांगितला आणि म्हणाली, "दिसेल तेवढंच वाचा हं, काकू."

मी घडाघडा सुरुवात केली. वरून खालपर्यंत, न थांबता, न चुकता. संपवून विजयी मुद्रेने पाहिलं, तर ती बटणावर बोट ठेवून तशीच उभी.

"काकू, दिवा अजून लावलाच नाही मी."

दारात उभी असलेली माझी नणंद एवढ्या जोरात हसली की तिला खोकला लागला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कुठून पाठ केलंत?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"त्या बाकावरून," मी पुटपुटले.

तिने बाकाकडे पाहिलं, मग पेटीकडे, आणि तीही हसायला लागली. "अहो, बाक या खुर्चीपेक्षा लांब आहे. तिथून शेवटची ओळ वाचलीत? मग लांबची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे तुमची. चोरी करायला गेलात आणि पैकीच्या पैकी मिळवलेत."

तरी तिने दुसरी अक्षरं लावून एकेक डोळा वेगळा तपासला. मग हातात छापील कागद दिला. "आता हा. आणि काकू, इथे पास-नापास काही नसतं. 'दिसत नाही' हेही मला उत्तरच आहे."

कागदावर मुंग्यांचं वारूळ फुटलं होतं. मी कागद लांब धरला, जवळ धरला. सव्वीस वर्षांत हे वाक्य तोंडातून निघालं नव्हतं.

"दिसत नाही," मी म्हटलं. आणि खांद्यावरची गोणी उतरावी तसं हलकं वाटलं.

पुढचं सोपं होतं. तिने नाकावर एक जडशीळ चौकट बसवली आणि तिच्यात भिंगं बदलत राहिली. "हे बरं की ते बरं?" दोन्ही सारखी वाटली तेव्हा मी सारखीच म्हटलं, आणि ती रागावली नाही. यंत्रावर हनुवटी टेकवली, डोळ्यावर वाऱ्याची फुंकर आली, मी दचकले, दुखलं मात्र नाही. शेवटी थेंब घातले, थोडे चुरचुरले. अर्ध्या तासाने तिने उजेड टाकून डोळ्यांच्या आत पाहिलं.

"आतून सगळं छान आहे. वयाचा नंबर आलाय, सगळ्यांना येतो."

"मग पाट्या सोडू?" मी विचारलं.

तिने ड्रॉवरमधून टेप काढली. "उभ्या राहा. समोर भिंत आहे असं समजा आणि ब्रश धरून दाखवा."

मी उभी राहिले, हात उचलला. तिने माझ्या नाकापासून बोटांच्या टोकापर्यंत टेप धरली. "वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा असतो. तुमचा हात त्याहून लांब चालतो," ती म्हणाली आणि लिहू लागली.

थेंबांमुळे मला चष्म्याच्या कागदावर नुसतं धुकं दिसत होतं. बाहेर आल्यावर मी तो नणंदेपुढे धरला. "वन्सं, वाचा."

तिने स्वतःचा चष्मा सावरला. "नंबर लिहिलाय. अंतर, पंचावन्न सेंटीमीटर. आणि खाली, काम: पाट्या रंगवणे."

"परत वाचा," मी म्हटलं.

एरवी तिने टोमणा मारला असता. पण तिने परत वाचलं, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत.