निष्कर्ष साडेचार वाजता

मानवी प्रतिष्ठा अविभाज्य आहे, हे १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या उपनगरातल्या एका विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात एकमताने मान्य झाले. प्रतिष्ठा म्हणजे नक्की काय, एवढाच मुद्दा उरला होता. त्यासाठी तीन दिवसांची कार्यशाळा ठरली: 'हुंडा : एक नैतिक समस्या'. खुर्च्या, माइक आणि चहा विभागाचा शिपाई सीताराम याच्याकडे होते. समस्याही मुळात त्याचीच होती, पण ती त्याने विभागाला देऊन टाकली होती.

सीतारामची थोरली शेवंती वर्षापूर्वी चारकोपला दिली. नवरा लवू त्याच विद्यापीठात परीक्षा विभागात कारकून. स्थळ विभागप्रमुख टिपणीसबाईंनीच सुचवलेले. लग्नात स्कूटर कबूल झाली होती, ती काही सीतारामला देता आली नाही. मग शेवंतीचे जेवण आधी उशिरा होऊ लागले, नंतर कमी. दिवाळीला माहेरी आली तेव्हा मनगटावर भाजल्याच्या खुणा होत्या. 'उलथनं लागलं' म्हणाली. उलथने एकाच हाताला तीनदा कसे लागते, हे सीतारामने विचारले नाही. धाकटी अजून लग्नाची होती. थोरली परत आली तर विक्रोळीच्या चाळीपासून थेट मालवणपर्यंत लोक काय बोलतील, ते त्याला आत्ताच ऐकू येत होते.

शेवटी त्याने बाईंना गाठले. "बाई, पोरीला घरी आणू, की नांदू दे? तुमी शिकलेली माणसं. तुमी सांगाल तसं करतो."

टिपणीसबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी प्रश्न लिहून घेतला आणि अनुदानासाठी अर्ज केला. "दोन्ही बाजू ऐकायला हव्यात, सीताराम," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी साडेचारला समारोप आहे. निष्कर्ष तेव्हा येईल."

सीताराम थांबला. एवढ्या डॉक्टरांनी मिळून दिलेले उत्तर भावकीच्या तोंडावर ठेवले, की कोणी चकार शब्द काढणार नाही, असे त्याला वाटत होते. पहिल्या दिवशी समस्या म्हणजे काय, हे झाले. दुसऱ्या दिवशी ती नैतिक आहे की सामाजिक, यावर दोन पाहुणे एकमेकांशी बोलेनासे झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकला बाईंच्या खोलीतला फोन वाजला. खोलीत सीताराम एकटाच कपबशा मोजत होता.

"बाबानू, मी शेवंती. वाण्याच्या दुकानातसून बोलतंय."

"काय जाला गो?"

"सासूबायन रॉकेलचो डबो हाडून मोरयेत ठेवल्यान. घरात तर ग्यास आसा मा? कित्याक म्हणान इचारलंय, तर नुसती हसली." आवाज बारीक झाला. "माका न्हेवा, बाबानू. आजच न्हेवा."

"थयच थांब. घरात जाव नको."

तो सभागृहात गेला आणि बाईंच्या कानाशी वाकला. बाईंनी सगळे ऐकून घेतले. पण मंचावर बाहेरगावचे प्राध्यापक बोलत होते.

"सीताराम, साडेचारपर्यंत धीर धरा. आत्ता घाई केलीत तर ती भावनेच्या भरात केलेली कृती ठरेल. आणि तो रिसीव्हर जरा काढून ठेवा. मघापासून व्यत्यय येतोय."

सीतारामने रिसीव्हर काढून टेबलावर ठेवला. वीस वर्षे त्याने बाईंचा शब्द मोडला नव्हता.

दोन वाजले. अडीच वाजले. दाराशी मानखुर्दची कमल इतिवृत्त लिहीत बसली होती. विभागातली ती एकच संशोधक विद्यार्थिनी, जी स्वतःचा कप स्वतः विसळायची. त्याने चहाचा ट्रे उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. कमलने वर पाहिले. "काका, काय झालं?"

त्याने सांगितले.

"आणि तुम्ही इथे चहा वाटताय? अहो, तीन दिवस मी हे लिहून घेतेय, वहीत अजून व्याख्याच चालू आहेत. हे लोक काय सांगणार तुम्हाला? निघा ना!"

मंचावरचे प्राध्यापक म्हणत होते, "अद्याप न घडलेल्या अन्यायाचं नैतिक स्थान काय, हा खरा पेच आहे."

"साहेब," सीताराम ट्रे घेऊन तिथेच उभा राहिला, "घरात गॅस असताना रॉकेल कशाला आणतात?"

सभागृहात कोणाला कळले नाही असे नव्हते. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. "प्रश्न मार्मिक आहे. प्रश्नोत्तरांत घेऊ."

सीतारामने भरलेला ट्रे अध्यक्षांपुढे, त्यांच्या कागदांवर, ठेवला आणि तो रिक्षा पकडायला धावत सुटला.

चारकोपला शेवंती वाण्याच्या पायरीवर बसली होती. अनवाणी, पदराला रॉकेलचा वास. चपला आणायला घरात गेली, तेवढ्यात दारामागून कोणीतरी डबा उपडा केला होता. मोरीच्या दाराने ती पळाली. वाणी म्हणाला, "दीड तास फोन लावतेय बिचारी. सारखा एंगेज."

सीतारामने आपला शर्ट काढून तिच्या खांद्यावर टाकला आणि तिला उठवले. समोरच्या दारात सासू सोनूबाई येऊन उभी राहिली.

"डबो लवंडलो, तेचा एवढा काय? न्हेतास तर न्हेवा, पण मगे परत हाडू नकात!"

"हाडूचंय नाय," सीताराम म्हणाला. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. बनियनवर, भर रस्त्यात, मुलीचा हात धरून तो निघाला.

कार्यशाळेत साडेचारला निष्कर्ष आला: विषयावर अधिक व्यापक विचारमंथनाची गरज आहे. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. पुढे डबा चुकून लवंडल्याचे ठरले. शेवंती कांदिवलीला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. धाकटीचे ठरत आलेले लग्न मोडले.

दोन वर्षांनी घटस्फोटाचे कागद झाले आणि लवूने दुसरे लग्न केले. विद्यापीठातला माणूस, म्हणून तत्त्वज्ञान विभागाने आहेरात भिंतीवरचे घड्याळ दिले. ते दुकानातून आणायला सीतारामला पाठवले. विभागात शिपाई एकच होता.