डोर्कसच्या छातीतली लव

त्या वर्षी पूर्व लंडनमध्ये बायकांचे खून पडत होते आणि मारणारा काही हाती लागत नव्हता. डोर्कस वेल ही त्यातली अगदी अलीकडची. तिच्या मृत्यूची चौकशी गुत्त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत सुरू होती. पंच एका बाजूला, वार्ताहर दुसऱ्या बाजूला, मधल्या टेबलाशी चौकशी चालवणारा अधिकारी, म्हणजे कोरोनर, आणि त्याचा कारकून.

हेस्टर पिंक साक्षीदारांच्या बाकावर बसली होती. ती आणि डोर्कस चार वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. एकाच खिडकीशी बसून दोघी सशाच्या कातड्यांवरचे राठ केस उपटायच्या. खालची मऊ लव टोपीवाल्यांसाठी ठेवायची, राठ केस तेवढे काढायचे. पण उपटताना दोन्हीही उडायचं. चहात, पावावर, अंथरुणात, सगळीकडे.

डॉक्टर तरुण होता. त्याने जखमा एकेक करून सांगितल्या, आवाज न चढवता. मग कागद उलटून म्हणाला, "तोंडात आणि श्वासनळीत प्राण्याचे बारीक केस सापडले. मारेकऱ्याने एखाद्या केसाळ कातड्याने तोंड दाबलं असावं, असं मला वाटतं."

खोलीत कुजबुज झाली. केसाळ कातडी कुणाच्या वखारीत असतात ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या वखारीचा मालक, पोलंडहून आलेला मेंडेल, परवापासून पोलिसांच्या कोठडीत होता. 'डोर्कस संध्याकाळी सहाला आली, उपटलेली कातडी देऊन गेली,' एवढंच तो सांगत होता. त्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. वर्तमानपत्रांनी डोर्कसला पहिल्याच दिवशी रस्त्यावरची बाई करून टाकलं होतं, आणि तसली बाई ज्यू माणसाच्या वखारीत काय कातडी द्यायला जाते?

मागच्या बाकावरून मासेवाली फ्लोरी पुढे वाकली. "अडकला गं तुझा मेंडेल."

"माझा कसला? मोजताना दर खेपेला दोन कातडी कमी धरतो मेला."

"मग तोंड मिटून बस. परक्यासाठी आपल्या माणसांशी वैर घेऊ नकोस."

डॉक्टरचं एक वाक्य हेस्टरच्या डोक्यातून हलत नव्हतं. केस श्वासनळीत होते. त्या केसांवर मेंडेलला फाशी होणार होती, आणि डोर्कस कायमची तसली बाई ठरणार होती.

तिचं नाव पुकारलं गेलं. शपथ झाली. कोरोनरने विचारलं, "मयत बाई रात्री बाहेर जायची का?"

"जायची, साहेब. संडास अंगणात आहे."

कुणीतरी हसलं. कोरोनर हसला नाही. "खोलीवर पुरुष यायचे?"

"एक यायचा, भाडं मागायला. तुम्ही त्यांना पंचांत बसवलंय. ते काय, दुसऱ्या ओळीत."

दुसऱ्या ओळीतल्या घरमालकाने टोपी मांडीवर फिरवली.

"नीट उत्तरं द्या, बाई. तिचं पोट कशावर चालायचं?"

"सशांवर. माझ्यासारखंच."

"पोलिसांच्या टिपणात तसं काही नाही."

"त्यांनी पुरुषांचं विचारलं, ते मी सांगितलं. काम काय करते, हे कुणी विचारलंच नाही."

"पुरे. खाली बसा."

हेस्टर उभीच राहिली. तिने टेबलाची कड धरली. "डॉक्टरसाहेबांना एक विचारायचंय."

"साक्षीदाराने सांगायचं असतं. विचारायचं नसतं."

"मग माझ्या वतीनं पंचांनी विचारावं. ते केस कुठवर गेले होते?"

पंचांचा मुख्य पिपं बनवणारा म्हातारा होता. तो कोरोनरला म्हणाला, "विचारू दे की, साहेब. आम्हालाही कळायला हवं."

डॉक्टरने पुन्हा कागद पाहिला. "खोलवर. फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत."

"सुटे होते?"

"नाही." तो थांबला. "कफात रुतलेले होते. घट्ट, वाळलेल्या कफात."

"एका रात्रीत कफ वाळून घट्ट होतो का, साहेब?"

डॉक्टरचं बोट त्या ओळीवर थांबलेलं हेस्टरला दिसलं. त्याला कळलं होतं. नुसतं कळून भागणार नव्हतं, त्याने ते तोंडाने म्हणायला हवं होतं.

तिने खिशातून स्वच्छ रुमाल काढला, झटकून दोन्ही बाजूंनी सगळ्यांना दाखवला. मग तोंडाशी धरून खोकली. खोकला आणावा लागत नव्हता, तो छातीत सदा तयारच असायचा. एकदा सुरू झाला की थांबवणं कठीण. वार्ताहरांनी लिहिणं थांबवलं. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कुठे तिला थांबता आलं. तिने रुमाल डॉक्टरपुढे पसरला.

"माझं तोंड अजून कुणी दाबलेलं नाही. बघा."

"हा काय प्रकार आहे?" कोरोनर म्हणाला. पण डॉक्टरने भिंग काढलं होतं. तो रुमालावर बराच वेळ वाकून होता. मग त्याने पिशवीतली छोटी काचेची बाटली काढली आणि तिच्यातले केस शेजारी ठेवून पाहिले.

"बुडाशी राखी, टोकाशी तपकिरी," तो अखेर म्हणाला. "दोन्हीकडे सारखेच. माझा तर्क चुकला. हे केस त्या रात्रीचे नाहीत. वर्षानुवर्षं साठलेले आहेत." मग फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, हे काम सोडा."

"आणि खाऊ काय?"

डॉक्टरने बाटलीला बूच लावलं. डोर्कसच्या छातीचं जे त्याने मघाशी वाचलं ते आपल्याही छातीचंच होतं, हे हेस्टरला समजलं होतं. त्याचा विचार खोलीवर जाऊन करता येईल, असं तिने ठरवलं.

"मेंडेलवरचा हा पुरावा गेला म्हणायचा का?" मुख्य पंचाने विचारलं.

"केसांचा गेला," कोरोनर नाइलाजाने म्हणाला. "सोडायचं की नाही ते पोलीस बघतील." दाराशी उभा असलेला पोलीस निरीक्षक जिना उतरून गेला.

"मेंडेल म्हणतो ते खरं आहे," हेस्टर म्हणाली. "त्या संध्याकाळी कातडी मीच तिच्या पाठीवर बांधून दिली. हेही लिहा."

मागून फ्लोरी मोठ्याने म्हणाली, "तुझ्या घरी येते, मग बघते तुझ्याकडे."

"ये. येताना मासे आण."

कारकुनाने साक्षीचा कागद पुढे सरकवला आणि टाक तिच्या हातात दिला. "इथे फुली मारा."

"आधी वाचून दाखवा. डोर्कसच्या नावापुढे काय लिहिलंय?"

कारकुनाने कोरोनरकडे पाहिलं. "मयत डोर्कस वेल, रस्त्यावरची..."

हेस्टरने टाक टेबलावर ठेवला.

"सहीशिवाय साक्ष पुरी होत नाही, बाई," कोरोनर म्हणाला. "अडून बसलात तर मला दंड करावा लागेल."

"करा. मी इथेच आहे."

म्हाताऱ्या पिपंवाल्याने घसा साफ केला. "साहेब, बाईनं दाखवलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या निकालात तर आम्ही कातडीवालीच लिहिणार."

कोरोनरने कारकुनाला हातानेच खूण केली. कारकुनाने तो शब्द खोडला आणि वर नवा लिहिला. हेस्टरला वाचता येत नव्हतं, पण लिहायला किती वेळ लागला ते तिने नीट पाहिलं.

"वाचा."

"मयत डोर्कस वेल, सशाच्या कातड्यांचे केस काढणारी."

"आता त्यांना वाचू दे," ती मुख्य पंचाकडे बोट करून म्हणाली.

म्हाताऱ्याने चष्मा लावून तेच शब्द मोठ्याने वाचले. तेव्हा हेस्टरने टाक उचलला आणि फुली मारली, कागद फाटेल एवढ्या जोराने.