फरार माणसाचा जनाजा

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून पुरुषमंडळी आखातातल्या उम्म अल कुवैनच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जेवायला येणार होती, म्हणून जुलेखा सकाळपासून स्वयंपाकघरात उभी होती. सांदणं वाफवून झाली होती, मटण शिजत आलं होतं. दावत होती तिच्या धाकट्या भावाच्या, नोमानच्या निरोपाची. मुसफ्फातल्या वर्कशॉपमधलं वेल्डिंगचं काम सोडून तो 'सिक्युरिटी'त चालला होता. पगार तिप्पट.

नोकरी लावून देणारे जहूरचाचा, जुलेखाच्या नवऱ्याचे सख्खे काका. खोर फक्कानला त्यांचा मालवाहतुकीचा धंदा, आणि गावाकडची निम्मी माणसं त्यांनीच व्हिसा देऊन इकडे आणलेली. आमच्या लोकांत एक रीत पडून गेली आहे: व्हिसा देणाऱ्याला प्रश्न विचारायचा नाही. त्याच्या घरच्या लग्नात राबायचं आणि तो सांगेल तिथं मुकाट जायचं. या रीतीपायी घरं उद्ध्वस्त होतात, तरी कुणी ब्र काढत नाही. संताप येतो तो याचाच.

जुलेखाचा नवरा रिझवान असाच गेला. मॉलमधला साधा गार्ड तो. गोदामाची राखण करायची आहे असं सांगून त्याला विमानात बसवलं आणि समुद्रापलीकडच्या एका देशाच्या यादवीत, हातात बंदूक देऊन उतरवलं. हा धंदा मोठा सोयीचा आहे. एखाद्या सरकारला दुसऱ्याच्या देशात लढाई हवी असते, पण आपले जवान मेले तर घरचे लोक जाब विचारतात. मग कंपनी भाड्याने घ्यायची. कंपनी नोंदलेली एका देशात, पैसा दुसऱ्याचा, मरणारा रत्नागिरीचा.

महिन्याभरापूर्वी रिझवानचा जोडीदार परेश एक पाय गमावून परत आला. फोनवर रडत म्हणाला, "भाभी, रिझवानभाईला मीच माती दिली." कंपनी मात्र म्हणते, रिझवान ड्यूटी सोडून पळाला, फरार आहे. फरार माणसाबद्दल कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. जहूरचाचांनी तेच जमातीत पसरवलं, वर 'असेल कुणी बाई' असंही जोडलं. जुलेखा इद्दतीला, विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांताला, बसायला निघाली, तर त्यांनी दटावलं, "मौत साबित नाही, तर इद्दत कसली?" नोमानलाही चाचांचंच खरं वाटत होतं. ती बिचारी महिनाभर बांगड्या घालून वावरली.

मंडळी आली, दस्तरखान अंथरला गेला. "नोमानमियां, लाइफ सेट झाली तुझी," चाचा हसत म्हणाले.

तेवढ्यात जुलेखा दारात आली. डोक्यावर पांढरी ओढणी, हात मोकळे.

"चाचा, जेवण तयार आहे. पण आधी रिझवानची गायबाना नमाज पढा. आपण शाफई पंथाचे. मय्यत समोर नसली तरी आपल्यात जनाजा होतो."

"तौबा कर! जिवंत माणसाचा जनाजा? इन्शाल्ला येईल तो."

"जिवंत आहे ना? मग आत्ता शोध लावा. कंपनीला फोन करा, स्पीकरवर ठेवा."

"असं नसतं पोरी. कॉन्फिडेन्शियल मॅटर आहे हे."

"पळालेल्या माणसाचं काय कॉन्फिडेन्शियल, चाचा?"

तिच्यामागे उभ्या असलेल्या छोट्या फिरदोसने ओढणी ओढली. "मम्मा, इज अब्बा डेड?"

"हो," जुलेखा म्हणाली. महिनाभरात लेकरासमोर हे पहिल्यांदाच तिच्या तोंडून निघालं, आणि ती भिंतीला टेकून रडू लागली.

नोमान उठला. "चाचा, मी नाही जाणार."

"व्हिसा कुणी दिला तुला, विसरलास?"

"नाही विसरलो. म्हणूनच जुलेखाआपाचं इतके दिवस ऐकलं नाही."

तो नमाजेला उभा राहिला. त्याच्याशेजारी दोघे उभे राहिले. बाकीचे चाचांच्या मागोमाग चपला घालून निघून गेले. त्यांतल्या चौघांनी तर रिझवानबरोबर एका खोलीत दिवस काढले होते.

नोमान वाचला म्हणून कुणाचं काही अडलं नाही. आठवड्यातच त्याने मुसफ्फाच्या जुन्या कामावरून कळवलं, की त्याच्या जागी साताऱ्याचा समाधान निघालाय, फौजेतून निवृत्त झालेला. जुलेखा आता इद्दतीत. उंबरा ओलांडायचा नाही, पण फोनला मनाई नव्हती. तिने समाधानच्या बायकोचा, सगुणाचा नंबर मिळवला आणि सगळं सांगितलं.

पलीकडून सगुणा म्हणाली, "ताई, तुमचं वाईट वाटतं. पण जहूरशेठ म्हणाले, आजवर त्यांच्या एकाही माणसाला तिकडं काही झालेलं नाही."

"मग त्यांना माझ्या रिझवानची कबर कुठं आहे ते विचारा," जुलेखा म्हणाली. "आणि उत्तर मिळेपर्यंत नवऱ्याला घरातून हलू देऊ नका."